बत्तीसला एक

चढाच्या ऐन मध्यावर सायकलीला बसवलेलं इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी धरलं, सायकल आडवी फिरली आणि सुसाट तिच्यावरून उडून रस्त्याकडेच्या कोरड्या चरात जाऊन पडला. हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत राहिलं. कोपर, गुडघा आणि उजवा खांदा मात्र असे सोलवटले की घरी आणल्यावर बायकोला त्याचा शर्ट कात्रीनं कापून काढावा लागला.

सुसाट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी दूध आणायला पाठवलं तरी हा पळत जायचा, पळत यायचा आणि निम्मं दूध वाटेत सांडायचा. तेव्हापासून ते नाव चिकटलं. आता पस्तिशी उलटली, कानाजवळ चार केस पिकले, तरी गल्लीत तो सुसाटच.

बायको वरच्या खोलीत जखमा धूत होती तेव्हा त्याची थोरली बहीण खाली गॅरेजमध्ये आली. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयानं मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. भाऊ जिवंत आहे, बोलतोय, वर डॉक्टरला शिव्याही देतोय एवढी खात्री करून ती उतरली होती. माणसाचं दुखणं डॉक्टर बघेल, इंजिनाचं कोण बघणार?

तिनं प्लग काढला. खडूसारखा पांढराफटक, म्हणजे इंजिन आतून भाजून निघालं होतं. हेड काढलं, सिलिंडर ओढला तर तो सहजासहजी निघेना. निघाला तेव्हा पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसले, मांजरानं नखं मारावीत तसे. ताईनं त्यावरून अंगठा फिरवला. मग हवा कुठून शिरत होती का तेही तिनं पाहिलं. गॅस्केट नवं होतं, बोल्ट घट्ट होते. टू-स्ट्रोक इंजिनाला तेलासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये जेवढं तेल मिसळून द्याल तेवढंच त्याच्या वाट्याला येतं. ते कमी पडलं की धातूला धातू घासतो, तापतो, फुगतो आणि एकमेकांना धरून बसतो. इथे दुसरं काही झालेलं नव्हतं. तेल कमी पडलं होतं.

आणि तेल मिसळायचं काम भावजयीकडे होतं.

पूर्वी ते ताईकडेच असायचं. गॅरेज वडिलांनी उभं केलेलं. साध्या सायकलीला छोटं इंजिन बसवून द्यायचं, एवढाच धंदा. पण वस्ती टेकडीच्या अंगावर चढत गेलेली, त्यामुळे चालायचा. पाववाला, पेपर टाकणारी बाई, वरच्या बांधकामांवर जाणारे गवंडी, सगळे इथूनच इंजिन बसवून घेत आणि मिसळलेलं पेट्रोलही इथूनच भरून नेत. वडील गेल्यावर दोघा भावंडांनी ते चालवलं. मग ताईच्या तळहातांना पेट्रोलनं चिरा पडायला लागल्या. डॉक्टरनं सांगितलं, हातमोजे घाला, नाहीतर पेट्रोल सोडा. हातमोजे घालून ताईला नट कळत नसे. नेमकं त्याच सुमाराला सुसाटचं लग्न झालं. भावजय औषधांच्या दुकानात काम करून आलेली, मापाची पक्की. काचेचं उभं माप डोळ्यांसमोर धरून ती थेंब मोजल्यासारखं तेल ओतायची. ताईनं डबे तिच्या हवाली केले. केले खरे, पण राज्य सोडलेला राजा जसा नव्या कारभाऱ्याकडे बघतो तशी ती येताजाता त्या कोपऱ्याकडे बघायची.

गिऱ्हाइकांच्या डब्यांबद्दल कधी वाद नव्हता. नवं इंजिन असेल तर वीसला एक, म्हणजे वीस माप पेट्रोलला एक माप तेल. रुळलं की पंचवीसला एक. वडिलांनी घालून दिलेलं ते गणित कुणी मोडत नसे. वाद होता तो सुसाटच्या शर्यतीच्या सायकलीचा. टेकडीवर दरवर्षी इंजिनाच्या सायकलींची चढाची शर्यत व्हायची आणि यंदा ती मारायचीच म्हणून त्यानं इंजिनाचं रूप पालटून टाकलं होतं. शेजारच्या लेथवाल्याकडून हेड घासून घेतलं, हवा आणि धूर ये-जा करतात ती आतली भोकं, म्हणजे पोर्टं, कानशीनं मोठी केली, कार्बुरेटर मोठा बसवला, सायलेन्सर बदलला. मग एके दिवशी जेवताना तिघांची जुंपली.

"जास्त फिरणार, जास्त तापणार, म्हणजे तेलही जास्त लागणार," ताई म्हणाली. "वीसला एक."

"वीसला एक घातलं तर मच्छर मरतील, शर्यत नाही जिंकता येणार," सुसाट म्हणाला. "तेल जास्त म्हणजे तेवढं पेट्रोल कमी. प्लग भिजतो, धूर होतो, दम जातो. बाकीचे सगळे पन्नासला एकवर पळवतात."

"बाकीचे भारीतलं तेल घालतात. आपलं साधं टू-टी, स्कूटरवाल्यांचं."

भावजय तोवर गप्प जेवत होती. "मग मधलं घ्या की," ती म्हणाली. "बत्तीसला एक. प्लगचा रंग कसा येतो ते बघा आणि मग काय ते ठरवा."

तसं ठरलं होतं. आणि आता बत्तीसला एकचं इंजिन पांढऱ्या प्लगनं जाम होऊन ताईच्या समोर पडलं होतं.

तिनं पिस्टन फडक्यात गुंडाळला आणि वर गेली. सुसाट पलंगावर होता, भावजय कापसानं कोपर पुसत होती.

"तेल कमी पडलंय," ताई म्हणाली.

सुसाटनं छताकडे पाहिलं. "असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे असेल. मिश्रण काय मी करतो?"

भावजयीचा हात थांबला. "मी बत्तीसलाच केलं होतं," ती म्हणाली. नवऱ्याकडे बघून म्हणाली, पण तो छताकडेच बघत राहिला. कापूस पुन्हा चालायला लागला.

ताईच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी ठाऊक असायला नको होती. जिन्यातून वर येताना तिनं एकदा भावजयीला तिच्या बहिणीशी फोनवर बोलताना ऐकलं होतं. "ते शर्यतीचं इंजिन एकदा कायमचं बंद पडलं ना, तर मी गल्लीभर साखर वाटीन बघ." तेव्हा ताईला हसू आलं होतं. नवरा चढावर जीव टाकून पळतो, बायको असं बोलणारच. आता तेच वाक्य तिला वेगळंच ऐकू यायला लागलं. पाववाल्याच्या डब्यात तेल बरोबर, पेपरवालीच्या डब्यात बरोबर, गवंड्यांच्या डब्यात बरोबर. कमी पडलं ते नेमकं एकाच डब्यात. चुकणारा हात सगळीकडे चुकतो. एकाच जागी चुकतो तो हात चुकत नसतो.

एकदा असं वाटायला लागलं की मग काय, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं. भावजय माप पुसून ठेवायची, तर ताईला वाटायचं, पुरावा पुसते आहे. ती गुणगुणत डबे भरायची, तर वाटायचं, कशाचा एवढा आनंद? तेलाची बाटली पूर्वीपेक्षा सावकाश उतरते आहे असंही तिला दिसायला लागलं. दिसलं की भासलं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. लेथवाला नवा पिस्टन आणून द्यायला आला तेव्हा तिनं आडून आडून विचारलं, "तेल कमी पडायला काय काय कारणं असू शकतात हो?"

लेथवाल्याला बोलायला निमित्तच हवं असायचं. "कारण एकच, ताई. घालणाऱ्यानं कमी घातलं. बाहेरचा चोर असता तर कुलूप लावलं असतं. घरातल्याला कुठे कुलूप लावणार?"

त्याला काहीच माहीत नव्हतं, तो आपला सवयीनं बोलला. पण ताईनं ते वाक्य घरी नेलं.

सुसाटचा खांदा बरा झाला, नवा पिस्टन बसला, सराव पुन्हा सुरू झाला. ताईनं भावजयीला तोंडावर काही विचारलं नाही. विचारलं असतं तर घर फुटलं असतं. भावाला सांगितलं असतं तर त्याचा संसार. तिनं दुसरा उपाय काढला. भावजय दुपारी वर जाऊन आडवी झाली की ताई शर्यतीच्या डब्याचं झाकण उघडायची, अंदाजानं तेलाची एक धार सोडायची आणि डबा हलवून ठेवायची. जास्त झालं तर झालं, पण भाऊ पुन्हा चरात पडायला नको.

पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं. नंतर सुसाट चढावरून परत यायचा तो धुराचं शेपूट घेऊन. प्लग काळाकुट्ट, ओला. इंजिन वळणावर अडखळायचं, खोकायचं.

"काय पाजतेयस त्याला?" एकदा तो बायकोवर खेकसला.

"जे ठरलं तेच."

"मग हा धूर कसला?"

"ते इंजिनाला विचारा!" भावजयीचे डोळे भरले होते. ताई समोरच चाकाच्या तारा कसत होती. तिनं मान वर केली नाही. मनात म्हणाली, रडते आहे, म्हणजे नक्की काहीतरी आहे.

त्यानंतर गंमत अशी झाली की काही दिवसांनी धूर आपोआप कमी झाला. ताई तर रोज धार सोडतच होती. मग तेल जातं कुठे? याचा अर्थ एकच, ताईनं स्वतःला सांगितलं. भावजयीला धुरावरून कळलं आणि तिनं तेल आणखी कमी केलं. मी घालते, ती काढते. आता तिला झोप लागेनाशी झाली.

आणि मग डब्याला दोरा आला.

पांढरा सुती दोरा, झाकणावरून घेऊन कडीतून ओवलेला आणि वर नीटनेटकी गाठ. औषधाच्या पुडीला मारतात तशी. ताईनं तो बघितला, वाकून गाठही न्याहाळली. चोराच्या मनात चांदणं! चूक नसेल तर झाकण बांधायचं काय कारण? तिनं तेलाची धार बंद केली, कारण दोरा सोडून पुन्हा तसाच बांधणं तिला जमेलसं वाटेना. पण आता तिला पुरावा हवा होता. असा, जो भावापुढे ठेवला की भावजयीला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

पुरावा मिळवायची रीत वडिलांची. कुणी गिऱ्हाईक बाहेरचं पेट्रोल भरून यायचं आणि इंजिन बिघडलं म्हणून भांडायचं, तेव्हा ते त्याच्या टाकीतलं थोडं पेट्रोल ताटलीत ओतून उन्हात ठेवायचे. पेट्रोल उडून जातं, तेल मागे राहतं. किती राहिलं ते डोळ्यांनी दिसतं, मग भांडण संपतं.

ताईनं तीन सारख्या ताटल्या घेतल्या. एकीत स्वतः मोजून केलेलं बत्तीसला एक. दुसरीत भावजयीनं सकाळी भरलेल्या डब्यातलं. त्यासाठी दोरा सोडला, अर्धा कप घेतला आणि जमेल तशी गाठ मारली. तिसरी ताटली का घेतली हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. गिऱ्हाइकांच्या बाबतीत वडील टाकीतलंच काढायचे, म्हणून हात आपोआप तिकडे गेला असेल. तिनं सायकलीची पेट्रोलची नळी काढून टाकीतलंही तेवढंच घेतलं. तिन्ही ताटल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे मांडल्या, वर जाळी ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं की गच्चीवर कुणी काडी ओढू नका, रंग वाळत घातलाय.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापल्यावर ती वर गेली. पेट्रोलचा वास विरला होता. तिनं पहिली ताटली तिरकी धरली. हिरवट तेल सरकत कडेला जमा झालं. दुसरी धरली. तेवढंच. तिनं दोन्ही शेजारी शेजारी धरल्या, डावी उजवीकडे केली, उजवी डावीकडे केली. रतीभरही फरक नव्हता.

भावजयीचा डबा बरोबर होता.

ताईला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतके दिवस पाळलेला संशय असा एका ताटलीनं मरतो होय? तिला वाटलं, आज बरोबर केलं असेल, तिला सुगावा लागला असेल. मग तिनं तिसरी ताटली उचलली. ती कितीही तिरकी केली तरी कडेला जमला तो नुसता ओशट पुसटसा डाग. टाकीत तेल जवळजवळ नव्हतंच.

"गाठ माझी नव्हती, ताई."

ताई दचकली. मागे भावजय उभी होती, ओल्या कपड्यांची बादली हातात. "काल डबा बघितला तेव्हाच कळलं. मी पुडीची गाठ मारते, ती अशी ओढली की सुटते. यांना डबा लागला की मीच सोडून देते. ही सुटेचना. तेव्हापासून तुमच्यावर नजर ठेवून आहे."

"माझ्यावर?"

"मग कुणावर? मी बत्तीसला करते आणि इंजिन जाम होतं. मी बत्तीसला करते आणि धूर येतो. डब्याला हात लावणारं आणखी कोण आहे? मला वाटलं, तुम्हाला तुमचा कोपरा परत हवाय. मला इथून घालवायचंय." तिनं बादली खाली ठेवली. या वेळी तिचे डोळे कोरडे होते. "तेल तुम्ही वाढवत होतात ना?"

ताईला नाही म्हणता आलं असतं. तिनं क्षणभर तसा विचारही केला. "होय," ती म्हणाली. "मला वाटलं तू कमी घालतेस."

"का घालीन?"

"इंजिन बंद पडलं तर साखर वाटणार होतीस."

भावजय तिच्याकडे बघत राहिली. "ऐकलंत होय. हो, म्हणाले होते. मनापासून म्हणाले होते, आजही म्हणेन. म्हणून काय नवऱ्याला चरात पाडीन मी? त्यांचा शर्ट कापून काढला तेव्हा हात बघितलात का माझे? कात्री धरवत नव्हती."

ताईनं तिन्ही ताटल्या पुढे केल्या आणि कुठली कुणाची ते सांगितलं. भावजयीनं एकेक तिरकी करून पाहिली. तिसरीला ती थबकली. औषधांच्या दुकानातली बाई ती, पातळ केलेलं तिला ओळखू आलं.

"डब्यात आहे आणि टाकीत नाही," ती सावकाश म्हणाली. "टाकी कोण भरतं?"

दोघींना उत्तर ठाऊक होतं. ताईच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. ती तेल वाढवत होती म्हणून धूर होत होता. धूर होतो म्हणून तो टाकीत साधं पेट्रोल वाढवत होता. धूर कमी झाला तो त्यामुळे. आता दोऱ्यामुळे तिची धार बंद झाली, पण त्याला ते कुठे माहीत? तो तेवढंच पेट्रोल ओततोय. ताटलीतला तो ओशट डाग म्हणजे त्याच्या इंजिनाचा सगळा आधार होता.

"आज सरावाला गेलाय का तो?" तिनं विचारलं.

"निघायचेत. बूट घालत होते."

गच्चीच्या कठड्यावरून मागची बोळ दिसायची. सुसाट सायकल ढकलत तिथेच आला होता, लेथवाल्याच्या मागच्या दाराशी. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, वर मात्र पाहिलं नाही. दारामागच्या पत्र्याआडून पाण्याची बाटली काढली, टाकीचं झाकण उघडलं आणि बाटली उपडी केली. पाणी कुणी असं टाकीत ओतत नाही.

दोघी जिन्यावरून कशा उतरल्या ते त्यांचं त्यांनाच माहीत. भावजय आधी पोचली. सुसाटनं पॅडलवर पाय ठेवला होता. तिनं हँडल धरलं.

"बाजूला हो, उशीर होतोय."

"बाटलीत काय होतं?"

"पाणी."

ताईनं रिकामी बाटली उचलून नाकाशी नेली आणि त्याच्या पुढ्यात धरली. सुसाटनं मान फिरवली. पकडला गेला की लहानपणीही तो असाच मान फिरवायचा.

"पन्नासला एक करायला गेलो असतो तर तुम्ही दोघींनी करू दिलं नसतं," तो म्हणाला. "मग मीच थोडं थोडं पातळ करत होतो. सगळे पळवतात. तुम्ही दोघी इंजिनाला तेल पाजून पाजून सुस्त करता. मधे तर धुराची चूलच केली होती."

"तो धूर माझा," ताई म्हणाली. "पण तू पडलास त्याच्या आधी मी डब्याला हात लावला नव्हता. तेव्हाही ओततच होतास ना?"

त्यानं टाकीचं झाकण उगाच पुन्हा घट्ट केलं.

"मी पिस्टन घेऊन वर आले. तेल कमी पडलंय म्हणाले. तुला माहीत होतं का पडलं ते. माहीत होतं की नाही?"

"वाटलं, पुढच्या वेळी जरा कमी ओतीन. सांगितलं असतं तर तू सायकल काढून घेतली असतीस."

"आणि हिच्यावर आलं ते?"

"मी हिचं नाव घेतलं नाही," सुसाट म्हणाला.

"नाही घेतलंत," भावजय म्हणाली. ती इतक्या हलक्या आवाजात बोलली की ताईला पुढे वाकावं लागलं. "मिश्रण काय मी करतो, एवढंच म्हणालात. मी तुमच्याकडे बघत होते तेव्हा."

लेथवाला दारात येऊन उभा होता. त्याला आपल्या पत्र्याआड बाटली असते हे माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. तो तोंड उघडणार एवढ्यात ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते मिटून घेतलं आणि आत जाऊन लेथ चालू केलं.

त्या दिवशी टाकी रिकामी केली. ताईनं नवा प्लग बसवला आणि जुना भावाच्या हातात दिला. पांढराफटक. आणखी एक चढ आणि तो पुन्हा त्याच चरात असता. तो प्लग बराच वेळ बोटांत फिरवत बसला आणि शेवटी म्हणाला, "बत्तीसला कर." भावजय म्हणाली, "तुमचं तुम्ही करा. माप तिथे आहे." आणि ती वर निघून गेली.

त्यानं केलं. पहिल्यांदा केलं तेव्हा तेल मापाबाहेर सांडलं. मग तिघांनी, म्हणजे तो सायकलीवर आणि ताई चढाच्या टोकाला उभी, भावजय मात्र लांब भिंतीला टेकून, वेगवेगळी मिश्रणं घालून पाहिली. पंचवीसला धूर येत होता. चाळीसला प्लग फिकट पडायला लागला. बत्तीसला तो दुधाच्या चहासारखा तांबूस निघाला आणि इंजिनाचा आवाज एका सुरात लागला. वाद तिथेच मिटला. कुणी म्हटलं नाही की बघा, हिनंच आधी सांगितलं होतं. म्हणायला हवं होतं, हे ताईला घरी आल्यावर सुचलं.

शर्यतीत सुसाट पाचवा आला. पहिले तिघे पन्नासला एकवर होते म्हणे, भारीतल्या तेलावर. पण त्याचं इंजिन टोकापर्यंत गेलं आणि उघडल्यावर पिस्टन आरशासारखा स्वच्छ निघाला. ताईनं तो पिस्टन भावाला दाखवायच्या आधी भावजयीकडे नेला. भावजयीनं पाहिला, मान हलवली. "बरं झालं," म्हणाली. तिनं साखर वाटली नाही आणि कुणी तो विषयही काढला नाही.

त्या सुमाराला भावजय ताईच्या खोलीत झोपायला आली होती. कारण विचारलं तर म्हणायची, तिकडे उकडतं. दोघी अंधारात शेजारी शेजारी पडून असायच्या. ताईला सारखं वाटायचं की काहीतरी बोलावं. "मी चुकले" हे दोन शब्दांचं वाक्य, पण ते ओठांवर यायच्या आत ती कूस बदलायची. एकदा सकाळी तिनं डब्यांच्या कोपऱ्यातली आपली खुर्ची, जिच्यावर बसून ती इतके दिवस लक्ष ठेवायची, उचलून बाहेर नेली आणि पाववाल्याला बसायला दिली. भावजयीनं ते पाहिलं. संध्याकाळी तिनं ताईच्या तळहातांना मलम लावून दिलं, न विचारता. काही आठवड्यांनी ती आपल्या खोलीत परत गेली. उकाडा कमी झाला होता की काय, ताईनं विचारलं नाही.

सुसाट सुधारला. म्हणजे तो तसं म्हणतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला कारणंही आहेत. सायकलीला तो दोघींच्या समोरच पेट्रोल भरतो. तरीही परवा तो चहापत्ती आणायला म्हणून गेला आणि यायला उशीर झाला. दोघी गॅरेजमध्ये होत्या. एक प्लग घासत होती, एक माप धूत होती. तो आत आला तेव्हा दोघींचे चार डोळे त्याच्या हातातल्या पिशवीवर गेले. त्यानं ते पाहिलं. मग मुकाट्यानं पुढे आला, पिशवी टेबलावर उलटी केली, चहापत्तीचा पुडा आणि दोन कांदे बाहेर पडले, आणि रिकामी पिशवी झटकून त्यानं दोघींच्या मधोमध ठेवली.